चौकटीबाहेरचे पाच टक्के

जाहिरात वाचून कॅमेऱ्याचं कौतुक करणारे लोक माझ्या डोक्यात जातात. वस्तू हातात घ्या, उन्हात न्या, मग बोला. म्हणून मधल्या किमतीचा तो नवा डीएसएलआर आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाच्या अंकासाठी पारखायला आला, तेव्हा मी सरळ चिखलदऱ्याची वाट धरली. सोबत गुलफाम. राजापेठेतल्या त्याच्या स्टुडिओलाही तसलाच कॅमेरा हवा होता.

त्या वर्षांत वऱ्हाडात लग्नं कमी आणि मयती जास्त. खेड्यापाड्यांतून बाया गुलफामकडे यायच्या, कुठल्यातरी वरातीच्या फोटोतला नवऱ्याचा नखाएवढा चेहरा दाखवायच्या. हा तो मोठा करायचा, अंगात कोट चढवायचा, हार घालायला फ्रेम करून द्यायचा. साऱ्या तालुक्याचे गेलेले चेहरे त्यानं परत आणून दिले, पण स्वतःच्या आईचा, हलीमाबींचा, एकही फोटो त्याच्याकडे नव्हता. त्यांना फोटोचं वावडं होतं. कुणी कॅमेरा उचलला की त्या बाजूला सरकायच्या आणि जाता जाता पोराची बाही धरून त्यालाही ओढायच्या. घरातल्या प्रत्येक जुन्या फोटोत गुलफाम अर्धाच आहे. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. आता त्यांचा चेहरा नीट आठवत नाही म्हणून हा माणूस दुकानात बसून रडायचा.

परतवाड्याला चहा घेतला आणि दुपारी पॉइंटवर पोचलो. गुलफामला एका दगडावर बसवलं, मागे दरी. कॅमेरा मुठीत छान बसत होता, फोकस चटकन लागत होता. मी खूश.

पहिला फोटो मागच्या स्क्रीनवर पाहिला, तर डाव्या कडेला हिरवं काहीतरी.

"कोणाची ओढणी आली बे?" गुलफाम म्हणाला. आजूबाजूला तर चिटपाखरू नव्हतं.

घाबरायचं काय त्यात? या किमतीच्या कॅमेऱ्यांचं हे ठरलेलंच. डोळा लावून जेवढं दिसतं त्याहून फोटोत थोडं जास्त येतं, शेकडा पाचेक, कडेकडेनं. त्या न दिसलेल्या पट्टीत कधी वायर घुसते, कधी फांदी. इथे वाऱ्यानं चिंधी आली असेल. अंकात लिहायला मुद्दा मिळाला म्हणून मला उलट बरंच वाटलं.

दुसऱ्या फोटोत कोपर आलं.

गुलफामनं फोटो मोठा करून पाहिला. कोपरावर भाजल्याचा जुना, लांबट डाग.

"धम्मदीप, अम्मी आहे हे."

"काहीबाही बोलू नको."

"तव्याचा डाग आहे तो. मले नाई ओळखू येणार का? काढ, अजून काढ. तोंड येऊ दे तिचं. एकच पाह्यजे मले."

मी भिंग काढून पाहिलं, पुसलं, परत बसवलं. कॅमेरा उभा धरला, मग आडवा. आत काही नाही, बाहेर काही नाही. खोटं कशाला बोलू, आता मलाच राहवेना. पुढे काय येतं ते पाहायचंच होतं.

पुढच्या फोटोत हात होता. हिरव्या बांगड्या. बोटं गुलफामच्या बाहीवर.

त्याला मी अगदी मधोमध धरलं होतं. फोटोत तो डावीकडे सरकलेला.

"हललास का?"

"नाई बे. श्वासही रोखून बसलो."

पुन्हा काढला. आता तो कडेला अर्धा कापला गेला होता, घरातल्या त्या सगळ्या फोटोंसारखा. चेहरा मात्र हसरा. ओढणारीचं तोंड अजून बाहेरच.

मी कॅमेरा खाली घेतला. "गुलफाम, ऊठ. बस झालं."

"आता येईल तोंड. काढ ना बे, पाया पडतो!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला नाही म्हणवलं नाही. डोळा लावला. गुलफाम मधोमध. बटण दाबलं.

स्क्रीनवर दरी होती, ऊन होतं, आणि मधोमध रिकामा दगड.

मी मान वर केली. गुलफाम समोर त्याच दगडावर बसला होता. खांद्यावरून उतरलेली बाही सावरत त्यानं विचारलं, "आली का अम्मी?"