पिवळ्या पाण्याच्या दोन बातम्या

एकाच गावातील पाणी एकाच दिवशी शुद्धही आणि विषारीही कसे असू शकेल? सन २०७१ च्या वैशाखात सोनखांब गावाला हे कोडे पडले होते. 'दैनिक गावदीप' सांगत होते, पाणी निर्धोक आहे. बारा वर्षांच्या ऋजुता मेस्त्रीचा ब्लॉग (संगणकाच्या जाळ्यावर कोणीही स्वतः लिहून प्रसिद्ध करावी अशी उघडी रोजवही) सांगत होता, 'गावाचे पाणी विषारी आहे, टाक्या ओतून रिकाम्या करा.'

निम्म्या गावाने टाक्या ओतल्या, आणि पुढचे पाणी चार दिवसांनी येणार होते. ऋजुता विचारात पडली. आपण चुकलो असलो तर लोक तहानेने व्याकूळ होतील. बरोबर असलो तर उरलेले निम्मे गाव आजारी पडेल. ती धापा टाकीत दैनिकाच्या कचेरीत शिरली.

तेथील संपादक (बातमी तपासून छापावी की नाही हे ठरवणारा) अक्षर नावाचा यंत्रमानव होता. दोन साक्षी मिळाल्यावाचून आपण ओळही छापीत नाही, त्याने उशीर होतो परंतु भरवसा टिकतो, असे त्याने समजावले. मग विचारले, "तू किती नळ पाहिलेस, बाळ?"

"एकच. आमचा, खालच्या आळीतला. त्याला पिवळे पाणी आले." तिचा चेहरा उतरला. 'आमचा नळ' लिहिण्याऐवजी तिने 'गाव' लिहिले होते, आणि तिला अडवणारे कोणी नव्हते.

तिने भीतभीत त्याचे साक्षी पाहायला मागितले. अक्षरने दोन कागद पुढे केले. दोहोंवर पाणीपुरवठा कचेरीचाच शिक्का होता.

"अक्षरकाका, हा तर एकच साक्षी दोनदा बोलला."

यंत्रमानवाचे दिवे क्षणभर मंदावले. "खरे आहे. मी कागद मोजले, माणसे मोजली नाहीत."

ऋजुताने ब्लॉग उघडला. खाली एक्केचाळीस वाचकांचे अभिप्राय होते. वरच्या आळीच्या सुलभामावशींनी लिहिले होते, "आमचे पाणी आरशासारखे होते गं. टाकी ओतली तुझ्यामुळे. आता आंघोळीला तुझ्याच घरी येते." दोघांनी प्रत्येक अभिप्राय नकाशावर मांडला. पिवळ्या पाण्याचे ठिपके केवळ खालच्या आळीत पडले, जुन्या गंजक्या नळवाटेच्या कडेने. त्या दोन कागदांनुसार पाणीपुरवठा कचेरीने पाणी तपासले होते ते मात्र उगमाच्या टाकीवर!

ऋजुताला उमगले. ब्लॉगला डोळे हजार, पण चाळण नाही. वृत्तपत्राला चाळण आहे, पण डोळे थोडे.

अक्षरने खालच्या आळीतील पाच घरी दूरध्वनी करून खात्री केली. दिवेलागणीपूर्वी खास अंक निघाला: पाणी फक्त खालच्या आळीत खराब, वरच्या आळीत निर्धोक. पहिल्याच ओळीत त्याने आपली चूक मान्य केली होती. ज्या वरच्या घरांनी टाक्या राखल्या होत्या, त्यांचे हंडे खालच्या आळीकडे निघाले.

ऋजुता मात्र वही घेऊन दारोदार फिरत होती. घरी परतल्यावर तिने पहिला मजकूर खोडला नाही. त्याखाली आपली चूक लिहिली, आणि मग नवी ओळ: 'आज मी सव्वीस नळ पाहिले.'