छताजवळची रेघ

"दादा आकांडतांडव करील, करू दे… पण माझा मेंदू त्या डॉक्टरबाईंना दे गं! माझ्यासारखी विटंबना पुन्हा कुणाची नको."

जीभ जड होण्याआधीचे बाबांचे ते शब्द ताईच्या कानांत घुमत होते… आणि समोर, इस्पितळाच्या त्या अरुंद खोलीत, बाबा निष्प्राण पडले होते. दादा दाराला पाठ लावून उभा होता.

"हात लावू देणार नाही मी! जिवंतपणी दारू पाजलीस, आता चिरफाड करवतेस?"

हे विष ताई किती वर्षे पचवीत आली होती! बाबा रंगारी, भिंत आणि छत मिळते तिथली रेघ ते चिकटपट्टीवाचून, नुसत्या कुंचल्याने, दोरी ताणल्यासारखी सरळ ओढत. ती रेघ थरथरू लागली, तेव्हा धंदा हाती घेतलेल्या दादाने निदान करून टाकले… दारू! रोज सकाळी कामगारांदेखत तो बाबांना रेघ ओढायला लावी. वाकडी आली की म्हणे, "म्हातारा टाकूनच आलाय, शिडी काढा!" सगळे खदखदत, आणि थेंबालाही न शिवलेले बाबा खाली मान घालून, लेकीच्या खांद्यावर भार टाकून घरी परतत. त्या भारासाठीच तर तिने जमलेले लग्न मोडले होते…

"दारू नव्हती हो ती," डॉक्टरबाई हळुवारपणे म्हणाल्या. "पेशीत एक प्रथिन असतं. कुठलं जनुक कधी कामाला लावायचं ते ठरवणारं, घरातल्या कर्त्या माणसासारखं. यांच्यात ते जन्मापासून गरजेपेक्षा लांब बनत होतं. वयाबरोबर त्याचे गोळे साचले, मेंदूतल्या पेशी मरत गेल्या. आधी हात, मग चाल, मग स्मृती. औषध नाही अजून. शोधायचं तर असा मेंदू हवा, आणि तोही लवकर."

दादा ताईकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"सांगायला आले होते. तू दार उघडलं नाहीस."

"मुलांत उतरतं?"

"निम्मी शक्यता," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझी तपासणी झाली, दादा. मला नाही." हे सांगताना ताईला चोरी केल्यासारखे वाटले.

दादाचा हात नकळत खिशावर गेला. खिशातून चिकटपट्टीची कड डोकावत होती. ताईचे लक्ष तिकडे गेले.

"पट्टी? तू? 'पट्टी लावतो तो रंगारी नव्हे, मलमपट्टीवाला,' असं म्हणायचास ना रे!"

"रेघ सरळ येत नाही गं आता…" तो म्हणाला. "तुझी वहिनी रोज माझ्या तोंडाचा वास घेते. शपथ घेतली तरी पटत नाही तिला! आणि मी… मी बाबांना चारचौघांत…"

तो दारापासून दूर झाला, बाबांच्या पायांवर कोसळला. हुंदक्यांतून एवढेच उमटले, "न्या त्यांना."

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कितीतरी वर्षांनी!

बाबांना नेल्यावर तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला. "घरी कुठल्या तोंडाने सांगू? दोन लेकरं आहेत माझी… तू सांगशील?"

"सांगेन."

"आजच?"

"आजच. तू बाबांसाठी इथेच थांब."

तिने डोळे पुसले, मनोमन देवाचे नाव घेतले. वहिनी आता मुलांना वाढत असेल. त्यांचे जेवण होईतो दाराबाहेर थांबावे, असे ठरवून ताई जिना उतरू लागली.