कुंदाआत्याची मुकी चढाई

आमच्या कुंदाआत्याचा दम अख्ख्या सांगलीला ठाऊक. कबड्डीत ती चढाईला आली की समोरच्या पोरींची पळापळ व्हायची. अशा बाईला साधा श्वास धरून ठेवता येऊ नये, हे कोडं मला काही केल्या सुटेना.

आत्याच्या डाव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ होती, अगदी हृदयाला लागून. रुग्णालयात उद्यापासून विकिरण (पेशी मारणारे अदृश्य किरण) सुरू होणार होतं. आज नुसता श्वास धरून ठेवायचा सराव होता, किरण न सोडता. आत्याची छाती किती फुगली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ सारखी घसरत होती, आणि मला खरंच भीती वाटत होती.

"रेघ घसरली तर काय होतं?" मी टिप्याला विचारलं. टिप्या म्हणजे तिथला यंत्रमानव.

"श्वासाबरोबर गाठ वर-खाली हलते," तो म्हणाला. "नेम धरायचा तर ती एका जागी हवी. शिवाय छाती हवेने भरली की हृदय गाठीपासून जरा लांब सरकतं."

"आणि वाटेतल्या चांगल्या भागांचं काय?"

"म्हणून किरण वेगवेगळ्या बाजूंनी थोडे थोडे सोडतो. गाठीवर ते सगळे एकत्र येतात. तिथे मारा पुरता, वाटेत कमी. पण आत्यांना श्वास धरता आला नाही, तर हृदयाला जास्त किरण लागतील."

मी आत्याकडे निरखून पाहिलं. तिचे ओठ हलत होते.

"आत्या, तू कबड्डी-कबड्डी पुटपुटतेयस का गं?"

"मग? दम धरायचा म्हणजे दुसरं काय करायचं?"

"अगं, पुटपुटलं की हवा बाहेर जाते. खेळात तू ती पुरवून पुरवून सोडायचीस. इथे सोडायचीच नाही."

"हात्तिच्या," आत्या म्हणाली. तिने छाती भरली आणि तोंड घट्ट मिटलं. रेघ वर चढली आणि तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी जाड भिंतीपलीकडे आत्या एकटीच होती. आम्ही बाहेरून पडदा बघत होतो. तिने श्वास धरला, तसा मीही धरला. रेघ जराही हलली नाही.

"पुढची यंत्रं आणखी चपळ असतील," टिप्या म्हणाला. "श्वास चालू असतानाच ती गाठीच्या मागे मागे जातील, आणि हृदयही जपतील."

अजून बरेच दिवस यायचं होतं. गाठ पूर्ण जाईल का, हे टिप्यालाही सांगता येत नव्हतं. आत्या मात्र हसत बाहेर आली.

"जन्मात पहिल्यांदा मुकाट्याने चढाई केली बघ," ती म्हणाली. "पंचांनी तिथल्या तिथे बाद दिलं असतं मला."