स्टिअरिंगवरचं तिसरं बटण

ही घटना खरी आहे. रचून सांगायची असती तर मी तिच्यात अमावस्या घातली असती, निदान दिवे तरी घालवले असते. पण ती घडली गुरुवारी, भर दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी. नोव्हेंबर १९६७, डेट्रॉइट. प्रयोगशाळेत चाळीस ट्यूबलाइट होत्या आणि एकही मिणमिणत नव्हती.

कंपनीचं नाव सांगत नाही. भुतं एक वेळ पिच्छा सोडतात, वकील सोडत नाहीत.

माझं काम स्टिअरिंगच्या दांड्याचं. तोवरच्या गाड्यांत हा दांडा म्हणजे चालकाच्या हातातल्या चाकापासून थेट इंजिनाच्या पुढपर्यंत गेलेली एक सलग लोखंडी सळई. समोरून धडक बसली की पुढचा भाग मागे चेपायचा आणि सळई चालकाच्या छातीत जायची. आम्ही नवा दांडा केला होता. नळीत नळी, प्लास्टिकच्या पिनांनी जोडलेली. छाती आदळली की पिना तुटाव्यात, नळी नळीत सरकावी, माणूस वाचावा.

कागदावर फार सुंदर होतं.

चाचणीसाठी एक 'धड' होतं. रबरी छाती. डोकं नाही, हात नाहीत, कपडे तर नाहीतच. ते रुळांवरून सुटायचं आणि चाकावर आदळायचं. नेमकं कुठे लागलं ते कळावं म्हणून त्याच्या छातीला रंग फासायचा.

तो रंग काझिमिर झारेम्बा बनवायचा.

काझिमिर डेट्रॉइटला खेटून असलेल्या हॅमट्रॅमक गावचा पोलिश माणूस. सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. कॉफीच्या रिकाम्या डब्यात डुकराची चरबी घ्यायचा, तिच्यात लाल खडूची पूड टाकायचा आणि बोटाने ढवळायचा. मग ते बोट पँटला पुसून त्याच हाताने लिव्हरचं सँडविच खायचा, कच्च्या कांद्यासकट. शर्टाच्या डाव्या खिशात ओल्या तंबाखूची गोल डबी. गालात गोळी, आणि पिचकारी दुसऱ्या एका डब्यात. टप्.

मी शाकाहारी. आमची जेवणाची सुटी एकत्र असायची.

शर्ट त्याचा एकच. तिसरं बटण तुटलं तेव्हा त्याने तिथे जुन्या ओव्हरकोटाचं भलं मोठं बटण शिवलं होतं. छाती रुंद आहे तर बटणही रुंद हवं, असं त्याचं म्हणणं.

आमच्यात एक रीत होती. सरकारी नोंदीची चाचणी असली की आदल्या दिवशी पिनांवर हलकी कानस मारायची. म्हणजे पिना वेळेवर तुटतात. याला आम्ही 'दाढी करणं' म्हणायचो. कुणाला त्यात गैर वाटत नसे. पाहुणे यायचे म्हटल्यावर आपणही दाढी करतोच.

त्या सप्टेंबरात काझिमिरने एक उपद्व्याप केला. दाढी न केलेला दांडा पाच अंश तिरका बसवला आणि धड सोडलं.

दांडा जागचा हलला नाही. नळीत नळी अडकून बसली.

"इंजिनिअरसाहेब," तो मला म्हणाला, "खऱ्या धडकेत दांडा वर उचलला जातो. माणूस काही फूटपट्टी लावून मरत नाही."

मी ते मुख्य अभियंता होल्ब्रुक यांच्या कानावर घातलं. सभ्य गृहस्थ. रविवारी चर्चमध्ये गायचे. ते म्हणाले, नियम सरळ धडकेचा आहे, त्यात कोनाचा उल्लेख नाही, आणि जानेवारीत गाड्या बाहेर पडायच्या आहेत.

मी मान डोलावली. मान डोलावण्यात तेव्हा माझा हात धरणारा कुणी नव्हता.

ऑक्टोबरच्या अखेरीस ग्रॅशियट रस्त्यावर काझिमिरची गाडी पावाच्या ट्रकवर आदळली. वेग फार नव्हता. गाडी कंपनीची, कर्मचाऱ्यांना आजमावायला दिलेल्यांपैकी. दांडा आमचा, नवा. दाढी अर्थातच केलेली नव्हती. रस्त्यावरच्या गाडीची कोण करतो?

काझिमिर जागेवरच गेला.

मोडकी गाडी आमच्याच प्रयोगशाळेत आली. दांडा किती सरकला ते मोजायचं काम माझं.

शून्य.

चाकाच्या मधल्या गादीवर कांद्याचा एक पापुद्रा चिकटला होता. मी तो चिमट्याने काढला आणि बाहेर जाऊन ओकलो. मग परत येऊन अहवालात लिहिलं, 'चालक नीट बसलेला नसावा.' वाक्य होल्ब्रुकसाहेबांचं, अक्षर माझं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गुरुवार आला.

सरकारी नोंदीची शेवटची चाचणी. छातीला बसणाऱ्या दाबाचा आकडा चांगला आला की मी सही करायची, आणि तोच दांडा लाखभर गाड्यांत बसणार.

पिनांची दाढी आदल्या दिवशी मीच केली. रंग करायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून काझिमिरचा डबा उघडला. तो तीन आठवडे हीटरजवळ पडून होता. चरबी हिरवट झाली होती. वर केसाळ साय धरली होती. मी श्वास कोंडून ती ढवळली आणि धडाला बोटांनी फासली. घाण नखांत शिरली.

आम्ही दोघंच होतो. होल्ब्रुकसाहेब आणि मी. काचेच्या आड, चाकापासून पंधरा फुटांवर.

मी धड सोडायच्या कळीवर बोट ठेवलं.

आणि काचेपलीकडून... टप्.

मी बघितलं. कोपरा रिकामा होता. पिचकारीचा तो डबा मी स्वतः फेकून दिला होता, दोन बोटांत धरून.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

काही नाही, म्हणालो.

पुन्हा... टप्.

या वेळी माझ्या मानेमागे.

पाठोपाठ वास आला. दुखऱ्या गुडघ्यांना मलम चोळतात ना, तसा. काझिमिरच्या तंबाखूचा.

साहेबांनी नाक मुरडलं. म्हणजे तो त्यांनाही आला. पण ते एवढंच म्हणाले, "सोड."

मी कळ दाबली. धडाड्.

आलेखाची रेघ सुबक चढली, सुबक उतरली. पास. इतका चांगला आकडा आम्हाला आजवर आला नव्हता. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी काचेबाहेर जाऊन पाहिलं.

दांडा तसूभरही सरकला नव्हता. पिना शाबूत होत्या. मी कानस मारलेल्या पिना.

धडाच्या छातीवरचा रंग जसाच्या तसा होता. माझ्या बोटांच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या.

आणि चाकाच्या गादीवर...

लाल चरबीत उमटलेली चार बटणं. तीन लहान. वरून तिसरं मोठं. डावीकडे, खिशाच्या जागी, गोल डबीचा ठसा.

रबरी धडाला बटणं नसतात.

साहेब माझ्या मागे येऊन उभे होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"पूस ते," म्हणाले. "आणि सही कर."

गोष्टीतला नायक इथे पेन फेकतो. मी पुसलं. पुसताना रुमालात काहीतरी वाळकं टोचलं. पाहिलं, तर कांद्याचा पापुद्रा. मी सही केली, चार वेळा साबणाने हात धुतले आणि घरी गेलो.

घरी बायकोने माझा कोट काढून घेतला आणि दोन पावलं मागे सरकली.

"शर्टाला हे काय लावून आणलंत?"

पांढऱ्या शर्टावर, छातीवर, लाल कमान होती. चाकाचा अर्धा गोल आणि त्याच्या तीन आऱ्या. कोट मात्र स्वच्छ. मी पंधरा फुटांवर काचेच्या आड उभा होतो, कोटाची बटणं लावून.

तिने सोडा लावला, लिंबू चोळलं, शेवटी शर्ट उकळत ठेवला. अर्ध्या तासाने कुजक्या चरबीचा वास गाद्यांपर्यंत पोचला, तेव्हा काठीने उचलून मागच्या बर्फात टाकून आली.

शुक्रवारी सकाळी मी सही परत मागायला गेलो. शौर्य वगैरे काही नव्हतं. किळस होती. आदल्या रात्रीपासून घास घशाखाली उतरत नव्हता, कारण तो माझ्याच हाताने घ्यावा लागत होता.

केबिनमध्ये हीटर रणरणत होता.

होल्ब्रुकसाहेब ओव्हरकोट घालून बसले होते. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. कपाळावरून घाम निथळत होता. आणि खोलीत... कुजकी चरबी. गुडघ्यांचं मलम.

मी त्यांच्या कोटाकडे पाहिलं. मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं.

त्यांनी ड्रॉवरमधून अहवाल काढला आणि फाडला. व्यवस्थित, दोन सारखे तुकडे.

"तिरका बसव," म्हणाले. "पाच अंश. आणि ती कानस माझ्याकडे आणून दे."

यावर आम्ही पुढे कधीही बोललो नाही. दांडा जमायला सात महिने लागले. शेवटी तिरका बसवूनही तो सरकला, दाढीशिवाय. गादीवर रबराचा साधा, सपाट ठसा होता. मी वाकून हुंगलं. काही नाही. त्या दुपारी मी चीजचं सँडविच खाल्लं. कच्च्या कांद्यासकट.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पन्नासहून अधिक वर्षं ती संपलेलीच होती.

गेल्या रविवारी माझी नात रेवा तिची नवी गाडी दाखवायला आली. सुरक्षेला पाच तारे, चाकात हवेची पिशवी, दारांतही हवेच्या पिशव्या.

"आजोबा, बसून तर बघा. तुमच्याच खात्यातलं आहे ना हे सगळं?"

मी चाकामागे बसलो. नवं कातडं, नवं प्लास्टिक...

आणि त्याखाली, अगदी हलकं, गुडघ्यांचं मलम.

गाडीत काही सांडलं होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, अजून दहा मैलसुद्धा चालवली नाहीये.

मागच्या सीटवरून... टप्.

रेवा बाहेर उभी राहून माझा फोटो काढत होती. तिला काही ऐकू आलं नाही.

त्या गाडीच्या चाचणीच्या आदल्या दिवशी कुणी काय केलं, मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो बोलत नाही. थुंकतो.

मी उतरलो आणि चावी खिशात टाकली. गाडी तेव्हापासून माझ्याच दारात उभी आहे. आज बुधवार. रेवाने तीनदा फोन करून विचारलं. मी सांगितलं, म्हातारा माणूस, कुठे ठेवली ते आठवत नाही.

काल तिने दुसरी चावी मागवली. ती चावी उद्या दुपारी येते आहे.