पुस्तकाचं दुसरं टोक

यातला एकही शब्द पदरचा नाही. जिच्यावर हे बेतलं ती बाई आजही हयात आहे. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते गृहस्थही आहेत. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं तरी हकिगत एकच निघते.

भुतं फक्त रात्री येतात असं मानणाऱ्यांनी तर हे नीट वाचावं. जे घडलं ते भर दिवसा घडलं.

गुरुवार होता. जागा होती एका मोठ्या रुग्णालयाचं तळघर. काळ असा, की संगणक फक्त बिलांच्या खिडकीत असायचा. डॉक्टर एखाद्या आजाराशी अडला की तळघरात फोन करायचा. तिथे ग्रंथालय होतं, आणि ग्रंथालयात ताई होती.

घरात ती धाकट्या बहिणीची ताई, दवाखान्यात सगळ्यांची. फोन आला की पुस्तक द्यायच्या आधी ती उलटे प्रश्न विचारायची. पेशंटचं वय काय, कामधंदा काय, आधीचं काही दुखणं?

नवे डॉक्टर वैतागायचे. "ताई, पुस्तक मागितलंय, तुमची मुलगी नाही!"

"पुस्तक चुकलं तर परत करता येतं, डॉक्टर. पेशंट नाही."

तळघरात जागा कमी, म्हणून लोखंडी कपाटं रुळांवर बसवलेली. प्रत्येक कपाटाला एक चाक. चाक फिरवलं की कपाट सरकायचं आणि दोन कपाटांमध्ये माणूस जाईल एवढी गल्ली उघडायची. एका वेळी एकच गल्ली. दुसरी हवी असेल तर पहिली बंद करायची.

रोज संध्याकाळी ताई सगळी कपाटं एकमेकांना चिकटवून जायची. मोकळी जागा दाराशी ठेवायची.

एका सकाळी येऊन पाहते, तर...

मधली एक गल्ली उघडी.

ग्रंथालयाला एक शिपाई होते. निवृत्तीला आलेले. त्यांना सगळे काका म्हणत.

"काका, माझ्यामागे कोण आलं होतं इथे?"

"मला काय विचारता? दाराला कुलूप, किल्ली तुमच्या पर्समध्ये. मी पुस्तकं उचलतो, ती हिंडायला जातात की नाही ते मला ठाऊक नाही."

ताई हसली. ती गल्ली भाजण्यावरच्या पुस्तकांची होती. तिने चाक फिरवून बंद केली.

दुपारी फोन आला. स्टोव्हचा भडका उडून दोघं भाजले होते.

योगायोग. असं ती स्वतःला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात हाडांची गल्ली उघडी होती. मग नवजात बाळांची. दर वेळी दिवस मावळायच्या आत त्याच आजाराचा पेशंट वर दाखल व्हायचा. आणि गल्लीत एक पुस्तक बोटभर पुढे आलेलं असायचं...

नेमकं तेच.

वरचे डॉक्टर खूश. "ताई, आम्ही विचारायच्या आधीच काढून ठेवता की काय?"

ती मान डोलवायची. सांगणार काय? सांगितलं असतं तर तिलाच वेड्यांच्या वॉर्डात दाखल केलं असतं.

पण नवजात बाळांचं पुस्तक वेळेवर पोचूनही ते बाळ वाचलं नाही. त्या दिवसापासून सकाळी कुलूप काढायच्या आधी ती दाराला कान लावायची. अखेर तिने काकांना सगळं सांगितलं.

काका थट्टा करतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला कधीचं दिसतंय ते," ते म्हणाले. "एकच कळत नाही, ताई. माणूस येणार म्हणून गल्ली उघडते? की गल्ली उघडते म्हणून माणूस येतो?"

या प्रश्नाने तिची झोप उडाली.

आणि मग तो गुरुवार आला.

ताई सकाळी घरून उपाशीच निघाली होती. पुस्तकं बांधणीला जायची होती, उशीर नको होता. थोड्या वेळाने धाकटी डबा घेऊन तळघरात हजर. दोघी बहिणी एकत्र राहायच्या. धाकटी कपबश्यांच्या कारखान्यात झिलईच्या खात्यात होती आणि घरीही हौसेने स्वतःच्या कपांवर झिलईचे प्रयोग करायची.

"केक आहे. नव्या ओव्हनमधला पहिला. मी दोन तुकडे खाऊन आले."

"दगड नाही ना झाला?"

"झाला असेल तर दाराला अडसर लाव. खा मुकाट्याने."

बोलता बोलता तिची नजर ताईच्या खांद्यावरून मागे गेली.

"ताई... आत कोण आहे?"

"काका असतील."

"काका तर बाहेर पुस्तकं मोजतायत. आत कुणीतरी होतं. पाठमोरं... काहीतरी शोधत होतं."

ताई वळली.

एक गल्ली उघडी होती. तिने दार उघडलं तेव्हा ती बंद होती. याबद्दल तिला तसूभरही शंका नव्हती.

विषबाधेची गल्ली.

ती गल्लीच्या तोंडाशी गेली. आत कुणी नव्हतं. नुसता जुन्या कागदाचा वास. पण मधल्या फळीवरची धूळ...

तळहाताएवढ्या जागेत पुसलेली होती.

"तू जा," ती धाकटीला म्हणाली. आवाज चढला होता. "आत्ताच्या आत्ता जा. पोटात काही गडबड वाटली तर सरळ डॉक्टरकडे जा!"

"तुझाच चेहरा पेशंटसारखा झालाय," धाकटी म्हणाली आणि हसत निघून गेली.

ताईने चाक गरगर फिरवलं. गल्ली बंद केली. काकांची सायकल बांधायची साखळी मागून घेतली, दोन कपाटांच्या चाकांत ओवली आणि कुलूप ठोकलं. काका किल्ली खिशात टाकून पुस्तकांचे गठ्ठे घेऊन बांधणीवाल्याकडे गेले.

गल्ली उघडलीच नाही तर कुणी येणारही नाही. एवढाच तिचा हिशेब होता.

तळघरात ती एकटी उरली.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग...

टक्.

साखळी ताणली गेली होती.

टक्. परत टक्. आतून कुणीतरी चाक फिरवू पाहत होतं. जोर लावून नाही. थोडं थांबून, परत एकदा. दाराशी ताटकळलेला माणूस जसा मधूनमधून कडी वाजवतो, तसं.

ताईने कानांवर हात ठेवले. डबा टेबलावर तसाच पडला होता. त्याचं झाकणही तिने उघडलं नव्हतं.

दुपार झाली. आवाज एकाएकी थांबला.

आणि फोन वाजला.

"ताई, अतिदक्षता विभागातून बोलतोय. घाई आहे. पेशंट बाई आहे. आधी उलट्या, आता हातपाय गळालेत, मान उचलत नाही. रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलंय. शिरेतून देतोय, पण टिकत नाही. मला विषाचा संशय येतोय. पण कोणतं? असं काही कुणी लिहिलंय का, बघा ना."

"वय?" सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"तिशीच्या आत."

"काम काय करते?"

"कपबश्यांच्या कारखान्यात आहे म्हणे."

ताईच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"बरोबर... कोण आहे?"

"शेजाऱ्यांनी आणून सोडलं. शुद्ध आहे, पण बोलणं बंद झालंय. त्याआधी सांगत होती, बहीण इथेच असते, खाली पुस्तकांत..." डॉक्टर मध्येच थांबले. "ताई? ताई, ती तुमची...?"

रिसीव्हर टेबलावर टाकून ताई धावली.

साखळी. कुलूप. किल्ली काकांच्या खिशात.

तिने चाक ओढलं. साखळीला थोडी ढील होती. कपाटं हातभरही सरकली नाहीत, जेमतेम वीतभर फट पडली. तिने खुर्ची घातली, खुर्चीचा पाय मोडला. हाका मारल्या. तळघरात हाक ऐकणार कोण?

तिने फटीत हात घातला. खांद्यापर्यंत. गाल लोखंडाला चिकटला. आत अंधार होता. कोणतं पुस्तक, कोणतं वर्ष, काही माहीत नव्हतं. नुसती चाचपडत होती. बोटांना फळीची कड लागली. पुस्तकं कुठेच लागेनात.

"उघड," ती म्हणाली. सकाळी ज्या गल्लीला कुलूप ठोकलं, तिलाच आता विनवत होती. "उघड ना..."

काहीच नाही.

आणि मग...

तिच्या तळहातात एक पुस्तक आलं.

तिने ते उचललं नव्हतं. ते तिच्या हातात दिलं गेलं होतं.

तिची बोटं मिटली. तिने ओढलं.

पुस्तक आलं नाही.

कुठे अडकलंय असं वाटून तिने थोडं हलवलं. तेव्हा ते पलीकडून मागे ओढलं गेलं. हळूच. एकाच पुस्तकावर दोघांचे हात असावेत आणि एकाचं अजून वाचून व्हायचं असावं, तसं.

दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं.

हात सोडून पळून जावं, असं तिच्या अंगातला कण न् कण सांगत होता. ती जागची हलली नाही.

"सोडा हो," ती कशीबशी म्हणाली. "माझी धाकटी बहीण आहे वर."

आतून पान उलटल्याचा आवाज आला.

एकदा... परत एकदा...

मग पुस्तक सुटलं.

जुन्या नियतकालिकांचा बांधीव खंड होता. फटीतून आडवा ओढून ती तो घेऊन फोनपाशी पोचली तेव्हा पानांत एक जागा आपोआप उघडली. ती मोठ्याने वाचत गेली. एका घरातल्या माणसांनी पीठ समजून पांढरी पूड पावाच्या कणकेत घातली होती. उलट्या. मग हातपाय गळणं. पोटॅशियम कितीही दिलं तरी न टिकणं. ती पूड बेरियमची होती. शेवटी यंत्राने रक्त शुद्ध करून त्यातल्या दोघांना वाचवलं होतं.

"बेरियम!" डॉक्टर ओरडले. "झिलईत वापरतात ते. ती पूड घरी आणत असेल तर पिठात गेली असणार. यंत्र लावायला सांगतो. ताई, तिने काय खाल्लं, त्यातलं थोडं तपासायला मिळेल?"

ताईची नजर टेबलावर गेली.

डबा. आत केकचे दोन तुकडे. तिच्या वाटणीचे. भीतीने न खाल्लेले.

डबा आणि खंड छातीशी धरून ती जिना चढली.

धाकटी बरेच दिवस श्वासाच्या यंत्रावर होती. पण वाचली. पुढे दवाखान्याच्या सभेत डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आम्ही यंत्रं चालवतो. कुठलं यंत्र चालवायचं, हे त्या दिवशी तळघरातून कळलं. तेवढी पानं एक दिवस उशिरा मिळाली असती तर आज आपण तिच्याबद्दल वेगळंच बोलत असतो." टाळ्या वाजल्या. ताई खाली बघत होती. साखळीचं काकांखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. सकाळीच गल्लीत शिरली असती तर? ते पुस्तक तिथे पुढे आलेलं असतं, धाकटी समोर उभी होती, केक समोर होता. की न घाबरता आत गेली असती तर तिनेही केक खाल्ला असता आणि दोघीही गेल्या असत्या? याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एक गोष्ट राहिली. ती काकांच्या तोंडून कळली. त्या संध्याकाळी परत येऊन त्यांनी कुलूप काढलं आणि ताईबरोबर गल्लीत गेले. जिथून तो खंड निघाला होता ती रिकामी जागा त्यांनी पाहिली...

ती गल्लीच्या पार शेवटच्या टोकाला, सगळ्यात वरच्या फळीवर होती.

फटीतून तिथपर्यंत कुणाचाच हात पोचला नसता.

काकांनी साखळी गुंडाळून पिशवीत टाकली. सायकलला ती परत कधी लावली नाही.

ताईने मात्र नोकरी सोडली नाही. तळघरात ती रोज उतरायची, रोज घाबरायची. जी गल्ली उघडी असेल तिच्यात आधी शिरायची, मग पर्स ठेवायची. निवृत्त होईपर्यंत हेच चाललं.

ताईच्या जागी आलेल्या मुलीचा मध्यंतरी तिला फोन आला. सकाळची वेळ होती.

"ताई, हसू नका हं. काल जाताना मी सगळी कपाटं बंद केली होती. आज आले तर..."

"गल्ली उघडी आहे," ताई म्हणाली. "कशाची, ते मला सांगू नकोस."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे? बंद करू का मी?"

"अजिबात नाही. आत जा. एक पुस्तक पुढे आलेलं असेल, ते काढ आणि वर फोन करून विचार, आज कोण दाखल झालंय. आणि हे बघ बाळ... पुस्तक हाताला लागलं की लगेच ओढू नकोस. क्षणभर थांब."

"का? कशासाठी थांबायचं?"

ताईने रिसीव्हर कानाला घट्ट धरला. फोनमधून मुलीच्या पावलांचा आवाज येत होता. चार पावलं. मग ती थांबली.

"ताई..." ती कुजबुजली. "हे येत नाहीये."