चिमणीचं नाक

चिमणी नावाची ती नवी गाडी दिसायला आजोबांच्या काळातली होती. वाटोळे दिवे, पिस्ता आणि साय अशा दोन रंगांचं गुबगुबीत अंग आणि पुढे चकचकीत जाळी. कुठल्याही गल्लीत मावेल एवढीशी. मृण्मयी तिच्या रूपावर भाळली होती खरी, पण पैसे भरले ते त्या जाळीकडे बघून.

तिची अडीच वर्षांची लेक जुई दिसेल त्या खुर्चीखाली, पलंगाखाली शिरायची. गाडी काढताना ती चाकाशी असली तर? या एका विचारापायी परवाना मिळून वर्ष झालं तरी मृण्मयी स्टिअरिंगला शिवली नव्हती.

"विजेच्या गाडीला जाळीची गरज नसते," नाशिकच्या गाड्यांच्या दालनातले अभियंता खैरनार सांगत होते. "हे तिचं नाक आहे, मॅडम. श्वासवेधक. अशीच बारीक छिद्रं चारही चाकांशी आहेत. तिथली हवा गाडी हुंगत राहते. प्राणवायू घटतोय आणि त्याच प्रमाणात कर्बवायू वाढतोय असं दिसलं, की तिथे काहीतरी जिवंत आहे. मग गाडी जागची हलत नाही."

सासूबाईंनी, कुमुदताईंनी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. "अकरा बावन्नपर्यंत मुहूर्त आहे. चल, बस."

मृण्मयीने बटण दाबलं. गाडी हलली नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : चाकांखाली श्वास, चार.

"एक मिनिट हं," खैरनारांनी फोन काढला. "पूजेपुरता आम्ही वेधक बोथट करतो. सगळ्यांचाच करतो. लिंबाच्या ओलाव्याने फसतो तो."

"फसत नाहीये," मृण्मयी म्हणाली. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यापासून इतक्या खात्रीने ती पहिल्यांदाच बोलत होती. "तोडलेलं लिंबू कितीतरी दिवस श्वास घेतं. तुमच्या गाडीचं बरोबर आहे. बोथट म्हणजे किती करता?"

"लिंबू कळणार नाही इतका."

"आणि वाऱ्यात बसलेलं मूल? त्याचा श्वास उडून जाऊन छिद्रापर्यंत किती पोचेल?"

खैरनार हसत होते ते थांबले. फोनवर त्यांनी काहीतरी आकडेमोड केली, पुन्हा एकदा केली. "लिंबाइतकाच," ते हळू म्हणाले.

"पूजा झाल्यावर वेधक पहिल्यासारखा करता ना?"

"करायचा असतो. पण त्या वेळी पेढे, फोटो, गडबड..."

"अशा किती गाड्या गेल्या?"

"एक्केचाळीस."

"ते तुमचं काय ते नंतर बघा," कुमुदताई म्हणाल्या. "लिंबाशिवाय गाडी इथून बाहेर जायची नाही, आत्ताच सांगते."

"लिंबं असतीलच, आई. फक्त उकडलेली. उकडलं की श्वास थांबतो."

"उकडलेली? लिंबं आहेत की बटाटे?"

पण शेजारच्या चहावाल्याने आपल्याकडची चार लिंबं पातेल्यात उकडून दिली. कुमुदताईंनी नाक मुरडत ती चाकांखाली सारली आणि कच्ची लिंबं पूजेच्या ताटात टाकली. हॉलमधला मोठा पंखा घोंघावत होता. मृण्मयीने बटण दाबलं.

गाडी ढिम्म.

"आता काय झालं तिला?" कुमुदताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "चार मिनिटं राहिली. अहो खैरनार, करा ते बोथट की काय ते."

खैरनारांचा अंगठा फोनकडे गेला.

"हात लावू नका," मृण्मयी म्हणाली. ती पडदा वाचत होती. मागचं डावं चाक. श्वास, दोन. एक लहान, एक त्याहून लहान.

"आई, जुई कुठेय?"

"तुझ्याजवळच आहे ना?"

"मला वाटलं, तुमच्याजवळ."

मृण्मयी कशी उतरली ते तिलाच कळलं नाही. जुई चाकापाशी उकिडवी बसली होती. पंख्याच्या वाऱ्याने केस तोंडावर आले होते. उकडलेलं लिंबू तिने बाहेर काढून ठेवलं होतं आणि ताटातलं पिवळंधमक लिंबू ती टायरखाली कोंबत होती.

"ते मऊ आहे. छी," तिने आईला समजावलं. "हे छान आहे."

कुमुदताईंनी नातीला उचललं आणि घट्ट धरून ठेवलं. घड्याळात बावन्न झाले, त्रेपन्न झाले.

"जाऊ दे मुहूर्त," शेवटी त्याच म्हणाल्या.

बारा वाजता मृण्मयीने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा जागेवर ठेवलेली चारही उकडलेली लिंबं पचापच चेपली आणि चिमणी दाराशी जाऊन उभी राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच मृण्मयीचे हात स्टिअरिंगवर होते.

मागे काउंटरवर खैरनारांनी एक्केचाळीस नावांची यादी उघडली होती. पहिला फोन लागला. "नमस्कार, चिमणीच्या दालनातून बोलतोय. मी येईपर्यंत गाडी काढू नका. हो, आत्ताच निघतोय."

"आणि त्यांना सांगा," जुईला कडेवर सावरत कुमुदताई ओरडल्या, "पुन्हा पूजा करणार असाल तर लिंबं उकडून घ्या. पण फार मऊ करू नका म्हणावं. पोरांना आवडत नाहीत."