रिकाम्या खाचेवरचा दिवा

खोटं वाटेल, पण हे अक्षरन् अक्षर खरं आहे. माझ्या काकांच्या बाबतीत घडलेलं. तेही रात्री नाही... भर दुपारी.

काका टेलिफोन एक्सचेंजच्या मशीनरूममध्ये होते. दूरदूरच्या संथ लाइनी एकाच वेगवान लाइनीवरून तिथे यायच्या. प्रत्येकीला क्षणभराची पाळी, आळीपाळीने. काकांच्या ताब्यातलं कपाटाएवढं यंत्र त्यांना पुन्हा वेगळं करायचं. प्रत्येक लाइनीची एक खाच, खाचेत कार्ड, वर दिवा. कार्ड काढलं की तिचा आवाज बंद.

शेवटची खाच धरणावरच्या चौकीदाराची. तो रोज दुपारी धरणावरून टाइप करायचा आणि काकांच्या प्रिंटरवर एवढंच उमटायचं, "सर्व ठीक." सगळे त्याला 'सर्वठीक' म्हणूनच चिडवायचे.

एक दिवस साहेबांना मॅचचा स्कोअर हवा होता. खाचा सगळ्या भरलेल्या. काकांनी पुढे पुढे करत चौकीदाराचं कार्ड काढलं आणि तिथे स्कोअरच्या लाइनीचं बसवलं.

"तो काय मोठं सांगणार आहे!" साहेब हसले.

काकाही हसले.

त्याच दुपारी धरणाचा दरवाजा फुटला. चौकीदार वाहून गेला.

चौकशीत काका म्हणाले, "लाइन चालू होती. निरोपच आला नाही."

झालं. तो झोपला होता, असा ठपका मेलेल्या माणसावर बसला. लोक त्याच्या बायकोला तोंडावर बोलू लागले.

एका दुपारी ती मशीनरूमच्या दारात उभी राहिली.

"भाऊ, खरं सांगा. यांनी काहीच कळवलं नव्हतं?"

"नाही, वहिनी."

टक्...

काकांनी वळून पाहिलं. शेवटची खाच रिकामीच होती; स्कोअरचं कार्डही केव्हाच काढलं होतं. तिकडची तारसुद्धा पुरात गेली होती.

पण वरचा दिवा... लागला होता.

प्रिंटर आपोआप चालू झाला. "पाणी चढतंय."

थांबला...

"पाणी चढतंय. कोणी ऐकतंय का?"

"हे कोण?" वहिनींनी विचारलं.

खरं बोलायची तीच वेळ होती. काकांच्या तोंडून निघालं, "टेस्टिंग... टेस्टिंग आहे."

प्रिंटर गप्प झाला. खूप वेळ.

मग सावकाश, एकेक अक्षर उमटलं...

"सर्व ठीक."

वहिनींनी तेवढा कागद फाडून घेतला. नीट घडी घातली.

"रोज असंच लिहायचे," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांची मान तेव्हा लाजेनं खाली गेली, ती पुन्हा वर झालीच नाही.

आता ते रिटायर झालेत. घरात कसलंही मशीन नाही. तरी परवा दुपारी जेवताना त्यांचा घास हातातच राहिला.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," काका ताटाकडे बघत म्हणाले. "सर्व ठीक."

मी शेजारीच बसलो होतो. ते टक्... मलाही ऐकू आलं होतं.